डेस्कटॉपवर फायली नकोत, शॉर्टकट ठेवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रस्ते, वीज, नेटवर्क, एसटी यावर पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत, पण मला आज अशा एका गोष्टीवर लिहायचंय जिच्यासाठी निधी नको, टेंडर नको, एक दुपार नीट बसून काम केलं तरी पुरे. आपल्याकडच्या सोसायट्या, ग्रामपंचायती, शाळा, सेवा केंद्रं, आंबा बागायतदारांची घरातली ऑफिसं, इथल्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप नीट लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. मी देवगड तालुक्यात कॉम्प्युटर क्लास घेते, त्यामुळे आजूबाजूच्या ऑफिसांतून 'बाय, जरा येऊन बघ गो, फाईल गावना नाय' असे फोन नेहमीचेच, आणि जिथे जाईन तिथे समोरचं चित्र तेच असतं. मागचा फोटो दिसत नाही इतके आयकॉन, न्यू फोल्डर, न्यू फोल्डर 2, स्कॅन 0001 पासून पुढे कितीतरी, लेटर फायनल, लेटर फायनल नवीन, एकावर एक चढलेले. आणि 'काल हंयच होती मां, आता खंय गेली?' हा प्रश्न.

आता कोणी म्हणेल की शोधायला पाच मिनिटं लागली तर काय बिघडलं. तर गणपतीच्या दिवसांत कुठल्याही सेवा केंद्रावर जाऊन बघा. चाकरमानी पाच-सात दिवसांची रजा काढून आलेला असतो, त्यातला दीड दिवस प्रवासात जातो, आणि उरलेल्यातली एक सकाळ त्याने वारस नोंदीसाठी किंवा घराच्या असेसमेंटसाठी काढलेली असते. मागच्या वर्षी दिलेली मृत्यूच्या दाखल्याची आणि प्रतिज्ञापत्राची स्कॅन कॉपी केंद्राच्या मशीनमध्ये आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं पण कुठे आहे ते ज्या मुलीने स्कॅन केलं तिलाच माहीत आणि ती लग्न होऊन गेली रत्नागिरीला. मग पुन्हा कागद आणा, पुन्हा स्कॅन करा, डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा 15 रुपये भरून काढा, तोवर सर्व्हर डाऊन. म्हातारी माणसं लांबच्या वाडीतून रिक्षा करून आलेली असतात हो, त्यांना 'उद्या या' सांगताना काहीच वाटू नये का? मला तरी ते बघवत नाही म्हणून हे पत्र.

मुळात डेस्कटॉप ही फायली ठेवायची जागा आहे हा समज आधी काढायला हवा. आपल्या घरात ओटीवर आल्यागेल्याला बसवतात, तिथे कोणी भाताची कणगी ठेवत नाही, तसंच हे. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल खरी कुठे जाते, तर सी ड्राइव्हमध्ये, युजरच्या नावाच्या फोल्डरच्या आत डेस्कटॉप नावाचा एक फोल्डर असतो तिथे. आणि विंडोज बिघडली की दुरुस्तीवाला पहिलं काय करतो तर सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, पावसाळ्यात लाईट जा-ये करून मशीन बंद पडलं की हे ठरलेलंच. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे जिथे तिथे मशीन बदलणं नाहीतर नवीन विंडोज टाकणं चालू आहे, जुन्या मशीनला विंडोज 11 चढत नाही म्हणून काही ठिकाणी नवा डबा आला आणि जुना माळ्यावर गेला, डेस्कटॉपवरच्या सगळ्या फायलींसकट. म्हणून सांगते की खऱ्या फायली डी ड्राइव्हमध्ये एका मोठ्या फोल्डरात, त्याला सरळ 'दप्तर' नाव द्या, आणि डेस्कटॉपवर फक्त त्याचे शॉर्टकट. डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित असंही समजू नका, बहुतेक वेळा ती एकाच हार्ड डिस्कची दोन खणं असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर 'दप्तर'ची कॉपी घेणं आलंच. नवीन लॅपटॉपला कितीदा डी ड्राइव्ह नसतोच, तिथे तर ही कॉपी पहिली.

शॉर्टकट म्हणजे काय हे क्लासमध्ये एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण अर्धे घोळ तिथेच आहेत. आयकॉनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला की तो शॉर्टकट, म्हणजे फाईल नव्हे, फाईल कुठे आहे त्याचा नुसता पत्ता, एक-दोन केबीचा. तो डिलीट केला तर मूळ फाईलला काही होत नाही, त्यामुळे घाबरून शॉर्टकट साठवत बसायचं कारण नाही, नको तो काढून टाका. पण याचीच दुसरी बाजू अशी की शॉर्टकट पेन ड्राइव्हवर कॉपी केला तर पत्ताच जातो, माल इथेच राहतो. पीक विम्याची मुदत संपायच्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन माणूस तालुक्याला जातो आणि तिथे फाईल उघडत नाही, हे आपल्याकडे होतं. पेन ड्राइव्ह काढायच्या आधी त्यातली फाईल एकदा त्यावरूनच उघडून बघायची, एवढी सवय लावली तरी तो हेलपाटा वाचतो. आणि एक, बाहेरून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर अचानक बाणवाले दिसायला लागले तर त्यावर क्लिक करू नका, तो व्हायरस असतो, तो खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो, आधी अँटीव्हायरसने तपासा आणि मग लपलेल्या फायली दाखवायचं सेटिंग चालू करून आपले फोल्डर शोधा, ते बहुतेक वेळा तिथेच असतात.

शॉर्टकट करायला काही अवघड नाही. फोल्डरवर राईट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. विंडोज 11 मध्ये राईट क्लिक केल्यावर आधी शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं, किंवा शिफ्ट धरून राईट क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो. त्याहून सोपं म्हणजे ऑल्ट बटण दाबून ठेवून फोल्डर डेस्कटॉपवर ओढायचा. रोज लागणाऱ्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शॉर्टकट कीच्या रकान्यात एखादं अक्षर दाबलं की कंट्रोल, ऑल्ट आणि ते अक्षर एवढ्यावर तो फोल्डर उघडतो, माऊस न हलवता. समोर दहा खिडक्या उघड्या असल्या तर विंडोज आणि डी दाबा, डेस्कटॉप समोर येतो. हे शॉर्टकट पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरचे मात्र करू नका, आज ई असलेला ड्राइव्ह उद्या एफ होतो आणि मग शॉर्टकटला पत्ता सापडत नाही. तसंच दुसऱ्या टेबलावरच्या मशीनमधल्या फोल्डरचा शॉर्टकट ते मशीन चालू असेपर्यंतच.

आता फोल्डर लावायचे कसे, यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण लोक इथे काहीतरी स्वतःचं डोकं चालवतात आणि महिन्याभरात विसरतात. खरं तर आपल्या महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कागद लावायची पद्धत किती जुनी आणि किती विचाराने केलेली आहे. सहा गठ्ठे पद्धत ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. हातात असलेले बैठकीवरचे कागद एका गठ्ठ्यात, कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय ते प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, दर महिन्याला किंवा तिमाहीला पाठवायची नियतकालिकं तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, काम संपून अभिलेख कक्षात जायचे ते पाचव्यात आणि नाश करायचे सहाव्यात. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी ऐंशीच्या दशकात कचेऱ्यांची जी घडी बसवली ती लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर गेली, त्यातही मुद्दा हाच की कोणीही टेबलावर बसला तरी कागद मिनिटात हाताला लागला पाहिजे. मग कागद कपाटातून मशीनमध्ये गेले तेव्हा ही शिस्त मागे का राहिली? तीच पद्धत तशीच्या तशी 'दप्तर' फोल्डरात आणता येते. 01 चालू, 02 वाट बघायची, 03 नियतकालिक, 04 जीआर आणि परिपत्रकं, 05 जुनं दप्तर, 06 काढून टाकायचं. पुढे आकडा लावला की नावाप्रमाणे लावल्यावर क्रम कधी हलत नाही. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवायचे ते पहिल्या चारांचे, बास. जुन्या दप्तराचा शॉर्टकट नको, तिथे रोज जायचंच नसतं.

05 मध्ये आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर, 2023-24, 2024-25 असे. कुठली गोष्ट किती वर्षं ठेवायची तेही सरकारी दप्तरात ठरलेलं आहे, अ वर्ग कायमचा, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 5 वर्षं आणि ड 1 वर्ष. सोसायटीला किंवा सेवा केंद्राला हे जसंच्या तसं लागू नसेल पण विचार तर करता येतो, की मासिक सभेचं इतिवृत्त आणि हळदीकुंकवाच्या निमंत्रणाचं डिझाईन यांना एकाच फोल्डरात एकाच मानाने का ठेवायचं. 06 मधलं महिनाअखेरीला दोघांनी बघून मगच डिलीट करायचं, आणि शिफ्ट धरून डिलीट करायचं नाही, त्याने फाईल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते.

नावांचा विषय तर आपल्याकडे फारच महत्त्वाचा. फाईलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, विंडोज घेतच नाही, त्यामुळे आपल्या सातबाराचं नाव आपण रोज लिहितो तसं 7/12 देताच येत नाही. मग एक जण 7-12 लिहितो, दुसरा सातबारा, तिसरा सात बारा, चौथा इंग्रजीत, आणि सर्चमध्ये शोधताना एक मिळतं तीन राहतात. तसंच सर्व्हे-हिस्सा नंबरचं, आपल्या कोकणात एकेका सर्व्हेचे इतके हिस्से की 34/2/1 असं काहीतरी असतं, तेही तसं लिहिता येत नाही. माझी सूचना अशी की आधी गाव, मग सर्व्हे-हिस्सा नंबर आडव्या रेघेने, मग कागदाचं नाव, मग तारीख. माणसाचं आडनाव पहिलं नको, कारण एका वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं. गाव आणि नंबर बदलत नाहीत. तारीख लिहायची ती वर्ष आधी, 2025-06-14 अशी, मग नावाप्रमाणे लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतं. 14-06-2025 लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या चौदा तारखा शेजारी-शेजारी येऊन बसतात.

मराठीत नावं द्यायला काहीच हरकत नाही, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत, टाईप केलं की विंडोजला सगळं कळतं, आणि माझं तर आग्रहाने सांगणं आहे की मराठीतच द्या, म्हणजे इंग्रजी कमी येणाऱ्या माणसालाही फोल्डर उघडता येतो. दोन गोष्टी फक्त सांभाळा. एक म्हणजे काही पोर्टल अपलोड करताना फाईलच्या नावात मराठी अक्षरं किंवा मोकळी जागा घेत नाहीत, तेवढ्यापुरती एक कॉपी इंग्रजी नावाने काढायची आणि काम झालं की ती काढून टाकायची. दुसरी म्हणजे फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं खोल जाऊ नका, कारण ड्राइव्हपासून फाईलपर्यंतचा सगळा पत्ता मिळून साधारण 260 अक्षरांच्या वर गेला की अनेक प्रोग्राम फाईल उघडायला नकार देतात, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. सिंधुदुर्ग हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, मशीन तो दहा मोजतं. तीन पातळ्या पुरेत, गठ्ठा, गाव, फाईल.

आंबा बागायतदारांना वेगळं सांगते. तुमचं वर्ष एप्रिल ते मार्च नसतंच, मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत असतं, त्यामुळे सगळ्यात वरचा फोल्डर सीझनचा करा, आंबा 2025, आंबा 2026 असा. त्यात वाशीच्या पट्ट्या, म्हणजे दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब, एकीकडे, थेट गिऱ्हाईकांच्या ऑर्डरी एकीकडे, फवारणी आणि मजुरीचा खर्च एकीकडे, आणि विम्याचे कागद, म्हणजे सातबारा, आठ अ, पासबुक, बागेचा फोटो, हे एका फोल्डरात कायम तयार. दलालाने व्हॉट्सअपवर पाठवलेली पट्टी कॉम्प्युटरवर उघडली की ती डाऊनलोड्समध्ये जाऊन पडते आणि नाव असतं नुसतं तारखेचं आणि वेळेचं. ती त्याच संध्याकाळी उचलून जागेवर टाकायची, एफ 2 दाबून नाव बदलायचं. मे महिन्यात रात्री दहापर्यंत पेट्या भरणाऱ्या माणसाला हे जड जातं हे मला दिसतं, म्हणून घरातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावं, त्यांना ते दहा मिनिटांचं आहे.

नवीन लॅपटॉप घेतलेल्यांनी वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या फायली ठेवायच्या जागेकडे, लक्ष द्या. मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटने लॉगिन करताना विचारतात त्याला बघता बघता होय म्हटलं जातं आणि आपला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं वनड्राइव्हवर जायला लागतं. बॅकअप म्हणून ते वाईट नाही, पण फुकट जागा 5 जीबीच असते, स्कॅन आणि फोटो टाकले की भरलीच. शिवाय ज्या फाईलशेजारी निळं ढगाचं चिन्ह असतं ती मशीनमध्ये नसतेच, क्लिक केल्यावर नेटवरून येते. पुण्यामुंबईत ते चालून जातं हो, पण जुलैमध्ये आमच्या खाडीपट्ट्यात दोन-दोन दिवस टॉवर बंद असतो तेव्हा समोर दिसणारी फाईल उघडत नाही म्हणून लोक हवालदिल होतात. त्या फोल्डरवर राईट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस निवडा, हिरवी खूण आली की नेट नसतानाही उघडते. पावसाळ्याच्या आधी जसं कौलं शाकारून घेतो तसं मे अखेरीला हे करून ठेवा.

वेबसाईटचेही शॉर्टकट करता येतात हे फार जणांना माहीत नसतं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे छोटं चिन्ह असतं ते ओढून डेस्कटॉपवर सोडलं की झालं. याचा फायदा वेळेपेक्षा सुरक्षिततेचा जास्त. सातबाराची, योजनांची सरकारी साईट दर वेळी गुगलवर शोधायला गेलं की तशाच दिसणाऱ्या भलत्याच साईट वर येतात, आणि लोक तिथे आधार नंबर भरून मोकळे होतात. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना ते एकदा नीट बघून शॉर्टकट करून ठेवला की मग रोज तिथूनच जायचं.

आणि आता जे मला सगळ्यात खुपतं ते. सेवा केंद्राच्या डेस्कटॉपवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं, बायाबापड्यांचे फोटो नावासकट उघडे पडलेले असतात आणि स्क्रीन रांगेच्या बाजूला वळवलेली. 2024 मध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरले गेले तेव्हाचे कागद अजून कितीतरी मशीनवर तसेच आहेत. त्या बायकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते. काम झालं की फाईल काढून टाका, ठेवणं भागच असेल तर डेस्कटॉपवर नको आणि जमेल तिथे मास्क केलेलं आधार घ्या ज्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. उठून चहाला जाताना विंडोज आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होते. याला शिक्षण लागत नाही, दुसऱ्याच्या कागदाची कदर लागते.

शेवटी माझी मागणी ठोस आहे. आपल्याकडे कर्मचारी बदलला की चार्ज देतात, त्यात कपाटाच्या चाव्या, शिक्के, रजिस्टरं, खुर्च्यासुद्धा मोजून लिहितात, पण मशीनमध्ये कुठले फोल्डर आहेत, कुठे आहेत, पासवर्ड कोणाकडे, बॅकअप कधीचा, याची एक ओळ नसते. ग्रामपंचायतींनी, सोसायट्यांनी आणि शाळांनी चार्ज यादीत हे रकाने घालावेत आणि फोल्डरांची रचना एका कागदावर छापून मशीनशेजारी भिंतीला लावावी. एमएस-सीआयटी घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी मुलांकडून परीक्षेपुरतं करून न घेता त्यांच्याच घरचे कागद लावून घ्यावेत. गटविकास अधिकारी आणि सहायक निबंधक यांनी पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती, आणि ज्या ऑफिसला सुरुवात करून द्यायला माणूस हवा असेल तिथे आमच्या क्लासची मुलं रविवारी येऊन फुकट लावून देतील, देवगड तालुक्यात कुठेही, मशीनवर बसणारी व्यक्ती तेवढी सोबत हवी.

आपली नम्र,
एक कॉम्प्युटर शिक्षिका, देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग